दाजींच्या घरचा तात्पुरता प्रीअॅम्प

“हिस्स येता,” दाजी म्हणाले.

मी टीव्हीच्या कपाटामागे उताणा पडलेला. तोंडात टॉर्च, छातीवर वायरींचा गुंता, नाकात कोळ्यांच्या सतरा पिढ्यांची जाळी. टॉर्च काढून तिथूनच ओरडलो, “काय येता?”

“हिस्स. बारीक. फुरसा फुसकारता तशी. ह्यो तुजो डबो चलाचो नाय. काढ आनि घेवन जा.”

मी सरपटत बाहेर आलो. दाजी डाव्या स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे होते. वैद्याने नाडी बघावी तसे. सोफ्यावर माई, त्यांची बायको. अंगावर शाल, डोक्याला रुमाल. त्या माझ्याकडे बघत होत्या. दाजींकडे नाही.

दाजी परब म्हणजे तोंडवलीचे काजूवाले. घराच्या मागेच शेड. तिथे काजू फोडतात, गर सुकवतात, सोलतात. मशिनांच्या खडखडाटात दाजींचं आयुष्य गेलं आणि त्याच खडखडाटात कानही गेले. बहिरे म्हणजे किती बहिरे? कानाशी शंख फुंकला तर हा माणूस पंख्याकडे बघून म्हणेल, “वारो बरो सुटलो.” एकदा दिवाळीत त्यांच्या पायाखाली सुतळी बॉम्ब फुटला. दाजींनी वाकून चप्पल बघितली, अंगठा तुटला की काय म्हणून.

अशा माणसाला हिस्स ऐकू आली.

हिस्स म्हणजे मशिन चालू असताना, काहीही वाजत नसताना, स्पीकरमधून येणारी बारीक कुजबूज. ती मलाही जाळीला कान चिकटवल्यावर जेमतेम ऐकू येते, आणि माझे कान असे आहेत की वटवाघळं उसने मागायला येतात. पण धंद्याचा नियम असा, की कस्टमर हिस्स म्हणाला की हिस्स. मी डबा काढला, व्हॅनमध्ये टाकला आणि कणकवलीची वाट धरली. आचऱ्याच्या तिठ्यावर आलो तेव्हा वाटलं, काहीतरी चुकतंय. पण ते मी वायरींमध्ये शोधत राहिलो.

माझं नाव पास्कल. सगळे पास्कू म्हणतात. कणकवलीत हायवेला लागून माझं होम थिएटरचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं मी मोठ्या प्रवासी जहाजावर साउंड सांभाळला. तिथल्या थिएटरात एकदा मी असा बास लावला की शेजारून चाललेल्या देवमाशाने रस्ता बदलला. पटत नसेल तर देवमाशाला विचारा. मात्र इकडच्या हवेबद्दल सांगतो त्यात रतीभर मीठ जास्त नाही, कारण मीठ हवेतच आहे. समुद्राजवळच्या घरात खिळा ठोकायला घ्यावा, तर हातोडी खाली येईपर्यंत तो गंजतो. इथे महागडी मशिनं म्हातारी होऊन मरत नाहीत. खाऱ्या हवेने मरतात.

म्हणून दाजींचा प्रोसेसर बिघडला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नव्हतं.

आता प्रोसेसर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गंमत म्हणजे, तशी गंमत नाहीच.

होम थिएटरमध्ये पॉवर अॅम्प नावाचा एक गडी असतो. ताकद बैलाची, अक्कल शून्य. जो आवाज हातात द्याल तो उचलून स्पीकरवर फेकणार. आणि त्याच्या आधी प्रीअॅम्प असतो. तो घरातली सासू. कोणी बोलायचं आणि किती आवाजात बोलायचं, हे ती ठरवते. सिनेमाचा आवाज सात स्पीकरांत वाटून देणारा प्रीअॅम्प असला की आम्ही त्याला प्रोसेसर म्हणतो, एवढाच फरक. सासूला वगळून थेट गड्याच्या हातात आवाज दिला तर तो पूर्ण ताकद लावतो आणि स्पीकर फाडतो. म्हणून प्रीअॅम्प मेला की पॉवर अॅम्प कितीही धट्टाकट्टा असो, घर मुकं.

प्रोसेसर मुंबईला सर्व्हिस सेंटरला गेला. तिथून कळलं की आतलं बोर्ड परदेशातून यायचं आहे. कधी येईल? “सांगता येत नाही, पास्कलभाऊ.” आमच्या धंद्यात याचा अर्थ, पुढच्या पिढीला सांगून ठेवा. अशा वेळी मधल्या काळासाठी परवडणारं काहीतरी बसवायचं असतं. तात्पुरता प्रीअॅम्प. मी असे शेकड्याने बसवलेत. एकदा तर एका कस्टमरचं लग्न, बारसं आणि घटस्फोट असं सगळं तात्पुरत्या प्रीअॅम्पवरच झालं.

दाजींकडे मात्र एकही बसेना.

पहिला नेला होता तो एक जुना एव्ही रिसीव्हर. सेकंड हँड, पण मी स्वतः साफ केलेला. रिसीव्हर म्हणजे गडी आणि सासू एकाच डब्यात. त्याच्या पाठीला ‘प्री-आउट’ नावाची भोकं असली, तर त्यातली सासू तेवढी वापरता येते, गडी झोपलेला राहू दे. स्वस्तात काम होतं. त्याला दाजींनी हिस्सचं कारण लावून परत पाठवलं.

दुसरा नेला साधा स्टिरिओ प्रीअॅम्प. नवा कोरा, पुठ्ठ्याच्या खोक्यातला. दोनच स्पीकर चालतील, पण आवाज मधासारखा.

“दोनच?” दाजी म्हणाले. “मगे बाकीचे पाच कित्याक ठेयलंस? पितरांका?”

“तात्पुरतो आसा, दाजी!” मी त्यांच्या कानात ओरडलो. माझा आवाज हाच एक पॉवर अॅम्प आहे. दाजींच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो की त्यांना पोचतं, आणि मग देवगडच्या बंदरात बोटी हलतात.

“तात्पुरतो म्हणान कायव लावशीत? काढ.”

तिसरा नेला बाहेरून येतो तसला स्वस्त डिकोडर. सातही स्पीकर चालवतो, पण थोडा रेंगाळतो. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतात आणि शब्द मागून येतात, नवऱ्यामागून चालणाऱ्या बायकोसारखे. दाजींनी एक मारामारी लावून बघितली. “बुक्को आधी बसता, आवाज मगे येता. ह्या काय थेटर म्हणतंस तू? शिरा पडो तुज्या धंद्यार!”

मी हसलो. एवढा चोखंदळ कस्टमर मिळायला पुण्याला जावं लागतं, आणि माझ्या नशिबी तो तोंडवलीत आला होता. खरं तर दाजींना सिनेमे ऐकू येतच नसत. हादरे छातीत बसायचे तेवढ्यासाठी त्यांनी मोठा बास लावून घेतला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी खुळ्यासारखा कॅटलॉग चाळत बसलो.

आणि दर खेपेला माई सोफ्यावर दिसायच्या. दर खेपेला थोड्या कमी. आजार छातीत होता. दाजी स्वतः जीप चालवत त्यांना ठराविक दिवशी गोव्याला हॉस्पिटलात न्यायचे. तिथे औषध शिरेतून चढवायचे, मग घरी आणायचे. मग माई चार-पाच दिवस नुसत्या ओकायच्या. उठून बसायला लागल्या की पुढची फेरी यायची. हातांची बोटं औषधाने बधिर झालेली, कप धरला की निसटायचा, पेन तर धरवतच नसे. आवाज तर मुळातच बारीक, आता धागा राहिला होता. मी गुडघ्यावर बसून कान पुढे केला तर मला कळायचं. दाजींना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

इथे माइकची गोष्ट सांगायला हवी.

खूप आधी, एका चतुर्थीला, बायकांच्या फुगड्यांच्या गाण्यांसाठी मी त्या सिस्टिमला एक माइक जोडून दिला होता. गाणी झाली. माइक सोफ्यावर पडला होता. माईंनी तो सहज उचलला आणि म्हणाल्या, “अहो, खोबरा संपला.” आणि पडवीत पाठमोरे बसलेले दाजी वळले. “खंयचा?” म्हणाले. घरातली सगळी माणसं दाजींकडे बघायला लागली. कित्येक वर्षांत दाजींना बायकोचा आवाज पाठमोरा ऐकू आला नव्हता. कानातली मशिनं त्यांनी कधीच फळीवर टाकली होती. कानात कोंबडो आरवता म्हणायचे.

त्यानंतर तो माइक कोणी काढलाच नाही. सात स्पीकर आणि बैलासारखा अॅम्प, आणि त्यावर माई म्हणायच्या, “जेवक येतात मां?” आजूबाजूच्या वाड्यांना परबांकडे आज बांगड्याचं तिखलं आहे हे घड्याळाआधी कळायचं. लोक हसायचे. पण भांडणंसुद्धा त्याच माइकवर व्हायची आणि नवराबायको दोघंही ती मनापासून करायची.

तर प्रोसेसर मेला तेव्हा सिनेमा बंद झाला नव्हता. माई बंद झाल्या होत्या. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी मात्र ओठ आणि बुक्का यांच्यातलं अंतर मोजत होतो.

डोक्यात उजेड पडला तो मुंबईच्या फोनने.

“पास्कलभाऊ,” सर्व्हिस सेंटरचा इंजिनिअर म्हणाला, “तुमच्या कस्टमरनी मशिन भाजलं काय?”

“भाजलं म्हणजे?”

“कपॅसिटर फुगून फुटलेत. प्लास्टिक वितळलंय. ही खाऱ्या हवेची केस नाही. बाहेरून उष्णता लागलीय, चांगला बराच वेळ. आणि आतून लालसर सालपटं निघाली. वास ओळखीचा वाटला म्हणून आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, काजू.”

मी फोन ठेवला. कोकणातली माणसं काय वाटेल ते सुकवतात. पावसाळ्यात ज्याच्याकडे काजूचा ड्रायर, त्याच्याकडे गावाची रांग. भिजलेले मोबाइल, शाळेची दप्तरं, पोरांचे लंगोट. एका भटजीने पोथी सुकवून नेली होती. तेव्हा दमट झालेला प्रोसेसर दाजींनी ड्रायरमध्ये घातला असेल, यात नवल काहीच नव्हतं. इथल्या कोणीही हेच केलं असतं आणि मशिन मारलं असतं.

पण दाजींनी नाही.

दाजी म्हणजे ड्रायरचा राजा. गरांची मूठ भरून कानाशी नाही, गालाशी धरायचे आणि सांगायचे, “अजून ओल आसा.” उष्णता किती आणि किती वेळ, हे त्यांच्या तळव्याला कळायचं. त्यांच्या शेडमधल्या बायका शपथेवर सांगतात की दाजींनी आयुष्यात एक गर करपू दिला नाही. हा माणूस चुकून एक मशिन भाजतो?

मला तो तळवा आठवला. स्पीकरच्या जाळीवरचा. आणि ती हिस्स.

दुसऱ्या दिवशी मी काही न घेता तोंडवलीला गेलो. दाजी शेडमध्ये होते. माई पडवीत एकट्या खुर्चीवर. मी पायरीवर बसलो आणि कान पुढे केला.

“माई, मशिन ड्रायरात कोणी घातल्यान?”

त्यांनी शेडच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, “तुका कळला?”

“कळला. पण कित्याक ता कळाक नाय.”

माईंनी सांगितलं ते असं. मागच्या एका फेरीला गोव्याच्या डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेतलं होतं. ते पाटीवर लिहून बोलतात दाजींशी. त्यांनी लिहिलं, औषधाने आता बरं होणार नाही, फक्त लांबेल. चालू ठेवायचं की थांबवायचं हे पेशंटला विचारा, आणि ते म्हणतील तसं करू. दाजींनी वाचलं. खाटेवरून माईंनाही पाटी दिसत होती. “विचारतंय,” म्हणाले. घरी आले. आणि त्याच संध्याकाळी ते खोकं उचलून शेडकडे गेले. “दमट झालाहा,” म्हणाले.

“तेंका म्हायती आसा मी काय सांगतलंय ता,” माई म्हणाल्या. एकेक शब्दाला थांबत होत्या. “आयकलानी नाय, तर माका न्हेवक मोकळे.”

“दुसऱ्या कोणाक सांगूक सांगा. मी सांगतंय ना! माज्यासारखो भोंगो असताना—”

“सांग तर.”

मी तरातरा शेडमध्ये गेलो. दाजी गर चाळत होते. त्यांच्या कानात मी असा ओरडलो की चार बायकांच्या हातातले काजू खाली पडले. “दाजी! माईंक तुमका कायतरी सांगूचा आसा!”

दाजींनी मान वर केली नाही. “मगे तिका सांगू दे.”

“तिचो आवाज तुमका येणा नाय! मी सांगतंय!”

“पास्कू, मी काजूत कधी दलाल ठेवूक नाय. घरात ठेवतलंय? ज्याचा तेणा सांगूचा.” आणि चाळण हलवत राहिले. “तो प्रीअॅम्प खंय आसा? बरोसो बघून हाड. घाय नाय.”

घाय नाय. माई पडवीतून दिसत होत्या. खुर्चीत कोणीतरी शाल वाळत घातल्यासारख्या.

परत येताना मी स्वतःला चार शिव्या दिल्या आणि मग धंद्याचं डोकं चालवलं. इतके दिवस मी विचारत होतो, या सिस्टिमला शोभेल असा परवडणारा प्रीअॅम्प कोणता? सात चॅनल, एचडीएमआय, खोलीनुसार आवाज जुळवणारं सॉफ्टवेअर. चुकीचा प्रश्न. तात्पुरत्या मशिनाने सिस्टिमची सगळी कामं करायची नसतात. जे काम थांबू शकत नाही, तेवढंच करायचं असतं. आणि या घरात एकच काम थांबू शकत नव्हतं. एक माइक आणि एक आवाज.

दुकानात कोपऱ्यात एक छोटा मिक्सर पडला होता. भजनी मंडळं वापरतात तसला, पितळी टाळांच्या शेजारी मावेल एवढा. मिक्सर म्हणजेही प्रीअॅम्पच, फक्त अनवाणी फिरणारा. सिनेमा कळत नाही, रिमोट नाही, दिसायला भाकरीच्या तव्यासारखा. पण माइकचा दुबळा आवाज उचलतो, त्याला मोठा करतो आणि किती मोठा हे एका बटणाने ठरवतो. त्याची वायर थेट पॉवर अॅम्पला गेली की झालं. आणि असा मिक्सर पाच मिनिटांत बसतो, हेही महत्त्वाचं होतं. कारण दाजींना बघून-पारखून नाकारायला वेळ द्यायचा नव्हता.

पुढच्या फेरीच्या आदल्या सकाळी मी गेलो. जीप धुऊन अंगणात उभी होती. मागच्या सीटवर उशी, प्लास्टिकची बादली, टॉवेल.

“हाडलंस?” दाजींनी विचारलं.

“नाय!” मी ओरडलो. “आज प्रीअॅम्प नाय. स्पीकर टेस्ट करूचे आसत. लय दिवस बंद ऱ्हवले की आतले पडदे आखडतत. मगे मशिन येवन उपेग काय?”

शुद्ध थाप. स्पीकर म्हणजे काय गोठ्यातला बैल आहे, बांधून ठेवला तर पाय आखडायला? पण दाजींना स्पीकरांचा जीव. त्यांनी डाव्या स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. “कर टेस.”

मी मिक्सर जमिनीवर ठेवला, वायर जोडली, अॅम्प चालू केला. माइक काढून माईंच्या मांडीवर ठेवला.

“माई, वन टू थ्री म्हणा.”

दाजी वळले. तळवा मात्र जाळीवरच राहिला. त्यांना माइक दिसला. मग मी दिसलो. त्या नजरेत काय होतं ते मी इतक्या थापा मारणारा माणूस असूनही वाढवून सांगू शकत नाही. तेवढंच पुरेसं होतं.

माईंनी दोन्ही हातांनी माइक धरला. बोटांवर भरवसा नव्हता म्हणून मनगटांनी दाबून.

“अहो.”

खोली भरली. सात नाहीत, दोनच स्पीकर होते. पुरले.

“अहो, माका आता गोव्याक न्हेव नकात.”

दाजी माझ्याकडे बघत म्हणाले, “हिस्स येता. बंद कर.”

मी बटणावर बोट ठेवून बसून राहिलो.

“माका थंय मराचा नाय. मी हंयच ऱ्हवतलंय. तुमी माका हंयच ऱ्हवांदेत.”

“आयकाक येणा नाय,” दाजी म्हणाले.

मी बटण फिरवलं. थोडं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात इतकं फिरवलं नव्हतं.

“आयकाक येणा नाय तुमका?” माईंचा धाग्याएवढा आवाज खिडक्यांच्या काचा हलवत बाहेर गेला. मागच्या शेडमधली मशिनं एकेक करून थांबली. “मशिन भाजलात तुमी. जल्मात एक गर करपाक दिलात नाय. आनि ह्या भाजलात. माज्यासाठी भाजलात, माका म्हायती आसा. पण आता पुरे. पुरे झाला वो.”

मागच्या दारात शेडमधल्या बायका उभ्या होत्या, हात काजूच्या सालीने लाल. मला वाटलं होतं, दाजी ओरडतील, वायर उपटतील, माझ्या डोक्यात मिक्सर घालतील. तेवढी माझी तयारी होती.

दाजी हळू आवाजात बोलले. बहिरी माणसं हळू बोलत नाहीत.

“येवढ्या मोठ्यान कित्याक बोलतंस गो? लोका आयकतत.”

माई हसल्या. हसण्याने खोकला आला आणि तो खोकलाही सगळ्या घराला ऐकू गेला.

“आवाज कमी कर रे पास्कू,” दाजी म्हणाले.

मी कमी केला. ते भिंतीला टेकून तिथेच जमिनीवर बसले, स्पीकरच्या पायाशी. थोड्या वेळाने उठून बाहेर गेले आणि जीपमधली बादली, उशी, टॉवेल आत घेऊन आले. मी वायरी पट्टीने चिकटवल्या आणि कोणाचा निरोप न घेता निघालो. पहिल्यांदाच असं झालं की त्या घरातून निघताना कोणी ‘काढ आनि घेवन जा’ म्हणालं नाही.

गोव्याला मग कोणी गेलं नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी दुखणं कमी राहावं म्हणून औषधं दिली. माइक माईंच्या खाटेला दोरीने बांधला होता. मी अधूनमधून मिक्सर बघायच्या निमित्ताने जायचो. आंब्याच्या लोणच्याला मीठ कमी पडलंय, शेडमधल्या शेवंतीचा पगार वाढवा, तुमचा तो फाटका सदरा आता तरी टाका, असलं काहीबाही चालू असायचं. मोठं बोलणं त्या दिवशी सकाळीच संपलं होतं. एकदा मी होतो तेव्हा माई माइकवर काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या श्वास घेत होत्या. दाजी स्पीकरजवळ पाट घेऊन बसले होते. गर निवडत होते.

नवा मोहोर धरायच्या आधीच माई गेल्या.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मुंबईहून प्रोसेसर आला. नवं बोर्ड, नवे कपॅसिटर, आत सालपटाचा पत्ता नाही. मी तो नेऊन लावला. मिक्सर काढून बाजूला ठेवला. सिस्टिम चालू केली. चांगल्या प्रोसेसरची खूण अशी की काही वाजत नसताना स्पीकर मेलेला वाटतो. एवढी शांतता, की माझ्या कानाला माझंच रक्त ऐकू येत होतं.

दाजींनी जाळीवर तळवा ठेवला. उभे राहिले. माझ्याकडे वळले.

“ह्येच्यात कायच येणा नाय.”

“दाजी, चांगल्या मशिनात कायच येवचा नसता!”

“काढ. तो डबो लाव.”

मी मिक्सर पुन्हा लावला. माइकसुद्धा चालू ठेवला, खाटेच्या दोरीला होता तसाच. दाजींनी पुन्हा तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

“हिस्स येता,” म्हणाले, आणि पाट ओढून बसले.

धंद्याचा नियम मी आधीच सांगितला आहे. कस्टमर हिस्स म्हणाला की हिस्स.

आता माझ्याकडे कोणी तात्पुरता प्रीअॅम्प मागायला आलं की मी बजेट मागाहून विचारतो. आधी विचारतो, मधल्या दिवसांत नेमकं काय अडून राहिलंय? बहुतेक जण एखाद्या सिनेमाचं नाव सांगतात. मग मी निवांत होतो आणि त्यांना तो सेकंड हँड रिसीव्हर दाखवतो. आवाज चांगला आहे. हिस्स अजिबात नाही.